हाडांचा निरोप ओळखणारी

मित्रांनो, जुन्या छत्रीने, जुन्या खुर्चीने, नाहीतर बंद पडलेल्या घड्याळाने सांगितलेली कहाणी तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. ती सगळी नशीबवान मंडळी. निदान डोळ्यांना दिसतात तरी. मी एक जुनी अँटीबॉडी आहे. माझी नळी तुमच्या हातात दिली, तरी तिच्या तळाशी तुम्हाला पाण्याचा एक थेंब तेवढा दिसेल. त्या थेंबात माझ्यासारख्या इतक्याजणी आहेत, की मी ‘मी’ म्हणते तेव्हा आम्हा सगळ्या बहिणींच्या वतीने बोलते आहे असे समजा.

शाळेच्या पुस्तकात आम्हाला प्रतिपिंड म्हणतात. अंगात बाहेरचे काही शिरले, की त्याला ओळखायचे आणि घट्ट धरून ठेवायचे हे आमचे काम. प्रत्येकीने जन्मभर एकच चेहरा ओळखायचा. कोणाच्या वाट्याला गोवर येतो, कोणाच्या वाट्याला सापाचे विष. माझ्या वाट्याला आलेला चेहरा मात्र वैऱ्याचा नव्हता. तो होता हाडांचा निरोप्या.

तुम्हाला वाटते, हाडे म्हणजे नुसते खांब. अंग उभे ठेवायचे आणि गप्प बसायचे. पण हाडे मुळीच गप्प नसतात. त्यांच्यात बांधकाम करणाऱ्या पेशी असतात आणि त्या पेशी काम करता करता रक्तात एक प्रथिन सोडतात. त्याचे नाव ऑस्टिओकॅल्सिन. रक्ताबरोबर तो गावभर हिंडतो आणि हाडांची खबरबात पोहोचवतो. तो कोणाकोणाला काय काय सांगतो यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चालू आहेत. तो वाद मी काय मिटवणार! मला त्याचा चेहरा ठाऊक, एवढेच.

या निरोप्याची एक गंमत आहे. त्याच्या मुठीत कॅल्शियम असते. हाडे ज्याची बनतात तेच. मुठीत खडा धरला की हात कसा गोल, आवळलेला दिसतो? तसा तो कॅल्शियम धरून असतो. मी ओळखते ती ही आवळलेली मूठ. खडा काढून घेतला की मूठ उघडते, आणि मग तो समोर येऊन उभा राहिला तरी मला परका. हे एवढे लक्षात ठेवा. माझे सगळे आयुष्य या मुठीभोवती फिरले आहे.

माझा जन्म एका पांढऱ्या सशाच्या रक्तात झाला. ती मादी होती, म्हणून मी तिला आईच म्हणते. तिच्या एका कानाचे टोक करडे होते. तिला सांभाळणारी एक मुलगी होती. ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या, हाताखाली नुकतीच शिकायला आली होती. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या हाडांचे तुकडे आणायचे, त्यांची पूड करायची, ती पूड भिजवून, गाळून, पुन्हा गाळून त्यातून चिमूटभर निरोप्या वेगळा काढायचा, हे काम ती करत असे. तिच्या केसांत, भुवयांत हाडांची पूड बसे. सर म्हणायचे, “मुली, तू तर आमच्याआधी म्हातारी झालीस.” ती हसायची आणि पुन्हा खलबत्त्याला लागायची.

तो चिमूटभर निरोप्या आईला टोचला गेला आणि तिच्या अंगात मी तयार झाले. मग आईच्या कानाच्या शिरेतून थोडेसे रक्त घेतले गेले. ती मुलगी आधी कान कोमट हातांनी चोळायची, म्हणजे शीर वर येते आणि दुखत नाही. रक्त काढून झाले की आईला हिरवा पाला द्यायची आणि तिच्याशी काहीबाही बोलत बसायची. सरांनी विचारले, सशाला काय कळते? ती म्हणाली, “तिला नाही कळत, पण मला बरं वाटतं.”

आता खरी परीक्षा होती. आईच्या रक्तात मी एकटी नव्हते. शंभर तऱ्हेच्या अँटीबॉडी तिथे दाटीवाटीने नांदत होत्या. त्या गर्दीतून मला निवडायचे कसे? सरांनी काचेच्या एका उभ्या नळीत बारीक मणी भरले. प्रत्येक मण्यावर निरोप्या चिकटवलेला होता, मुठीत कॅल्शियम घेऊन. वरून आईच्या रक्ताचे पिवळसर पाणी ओतले. बाकीच्या साऱ्याजणी वाहून गेल्या. मी माझ्या निरोप्याचा हात धरून बसून राहिले.

पण मला तिथून सोडवायचे कसे? त्या काळची रीत म्हणजे आम्ल ओतायचे. आम्लाने अँटीबॉडी सुटते, पण सुटताना अर्धमेली होते. सर आम्लाची बाटली घेऊन आले तेव्हा ती मुलगी मध्येच म्हणाली, “सर, ओढून कशाला काढायची? त्याच्या मुठीतला खडाच काढून घेऊ. ओळख पटली नाही की आपणच हात सोडेल.”

सरांनी बाटलीचे बूच पुन्हा बसवले. मग बाटली ठेवून आले. तिने कॅल्शियम ओढून घेणारे एक मीठ पाण्यात विरघळवले आणि थेंब थेंब वरून सोडले. माझ्या हातातली मूठ उघडली. समोरचा चेहरा अनोळखी झाला. मी हात सोडला आणि अलगद खाली तिच्या हातातल्या नळीत उतरले. अंगावर एक ओरखडाही नाही. मित्रांनो, कोणाला माहेरातून इतक्या हळुवारपणे आणले असेल असे मला वाटत नाही.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. ती मुलगी पुढे सरांच्या खुर्चीवर बसली आणि सगळे तिला ‘बाई’ म्हणू लागले. मीही तेच म्हणते. बाईंनी मला पुष्कळशा छोट्या नळ्यांत वाटून ठेवले. एक नळी एकदाच उघडायची, उरलेले पुन्हा गोठवायचे नाही, हा त्यांचा नियम. कारण आम्हाला थंडीचा त्रास नाही, त्रास होतो तो वितळण्या-गोठण्याचा. पुन्हा पुन्हा तसे झाले की आमचे हात वाकडे होतात आणि चेहरे ओळखू येईनासे होतात. नवे विद्यार्थी आले की बाई आधी त्यांना माझी नळी कशी धरायची ते शिकवत. जोरात हलवायची नाही. फेस येऊ द्यायचा नाही. बर्फाबाहेर ठेवून फोनवर गप्पा मारायच्या नाहीत. एकाने मला टेबलावर विसरून ठेवले तेव्हा बाई त्याला रागावल्या नाहीत. त्यांनी त्याच्या जेवणाचा डबा उचलून खिडकीत उन्हात ठेवला आणि म्हणाल्या, संध्याकाळी खा. पुन्हा तो विसरला नाही.

माझे काम दिसायला सोपे. प्लास्टिकची एक प्लेट असते, तिला ओळीने छोटे खळगे. मला खळग्यांच्या तळाशी बसवायचे. वरून कोणाच्या तरी रक्तातले पिवळसर पाणी घालायचे. त्यातल्या निरोप्याला मी धरते. मग एकामागून एक द्रावणे घातली जातात आणि शेवटी खळगा निळा होतो. जितके निरोपे माझ्या हाती, तितका निळा रंग गडद. मग आम्लाचा थेंब पडतो, निळ्याचे पिवळे होते आणि काम थांबते. त्या खळग्यातली मी तिथेच संपते. बाकीच्या बहिणी कपाटात असतातच.

किती जणांची हाडे मी ऐकली! झपाट्याने उंच होणाऱ्या मुलांच्या रक्तात निरोप्यांची झुंबड असायची. अंथरुणाला खिळलेल्यांच्या रक्तात ते मोजकेच सापडायचे. या वाढत्या-कमी होत्या निळ्या रंगावरून बाईंनी पुष्कळ काही शोधून काढले. दूरदूरच्या प्रयोगशाळांतून मला मागणी येई. बर्फाच्या डब्यात बसून मी प्रवास केला. लोक बाईंना कळवत, तुमची अँटीबॉडी खोटे बोलत नाही. बाई ते वाचून दाखवत नसत, पण त्या दिवशी कपाट उघडताना त्यांचा हात माझ्या डबीवर जरा जास्त वेळ थांबे.

एकदा ऐन सुट्टीत आमचे उणे ऐंशी अंशांचे कपाट बंद पडले. प्रयोगशाळेत कोणीच नव्हते. बाईंना कळले तशा त्या घरच्या चपलांवर धावत आल्या. मला बर्फात खुपसून थर्मासात घातले आणि घरी नेऊन आपल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवले. घरात बाईंच्या सासूबाई होत्या, आणि धाकटी जाऊ. जाऊ इस्पितळात नर्स होती. सासूबाई बर्फ घ्यायला गेल्या तर तिथे मी.

“हे काय आणलंस गं? खायचं आहे का काही?”

बाई म्हणाल्या, “नाही हो आई, अँटीबॉडी आहे. दोन दिवस राहील.”

“राहू दे बापडी. दोन सुनांनी घर भरलं नव्हतं, आता तिसरी आली.” आणि मग फ्रीजचे दार लावता लावता, “पण ही बरी. बोलत तरी नाही.”

त्या दिवसापासून त्या घरात माझे नाव तिसरी सून पडले. बाई कामावरून आल्या की सासूबाई विचारायच्या, माझी तिसरी कशी आहे? आमची दोघींची ओळख नुसती दारातून झालेली, पण त्या मला कधी विसरल्या नाहीत.

मित्रांनो, काळ कोणासाठी थांबत नाही. पांढरी आई केव्हाच गेली होती. बाईंनी तिला शेवटपर्यंत सांभाळले. तिच्यासारखी दुसरी आणून माझ्यासारखी दुसरी बनवता येईल का, याचाही प्रयत्न झाला. नवी अँटीबॉडी झाली, पण माझ्यासारखी झाली नाही. मी आहे तेवढीच आहे. नळ्या कमी होत गेल्या. बाजारात विकत मिळणाऱ्या अँटीबॉडी आल्या. त्यांतली एक माझ्या शेजारच्या कप्प्यात राहायला आली. तिची डबी चकचकीत, वर रंगीत शिक्का. ती निरोप्याला कुठूनही धरी. मूठ आवळलेली असो वा उघडी, धड असो वा तुकडा, तिला सगळे सारखेच. तीही खरीच होती, तिच्याबद्दल माझे वाईट मत नाही. पण विद्यार्थी सवयीने तिच्याच डबीकडे हात नेऊ लागले. माझ्या डबीवर बर्फाचा पापुद्रा चढला. वरची चिठ्ठी सुटून लोंबू लागली.

बाईंची निवृत्ती जवळ आली होती. जाण्याआधी एक शेवटचे काम करायचे त्यांनी ठरवले. पडून हाड मोडलेल्या वृद्ध बायकांच्या रक्तात निरोप्या किती असतो, आणि तो मूठ आवळून असतो की रिकाम्या हाताने फिरतो, हे पाहायचे. हे काम त्यांनी एका विद्यार्थिनीला दिले. ती इतकी उंच होती की कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यातले काढायला तिला स्टूल लागत नसे. सगळे तिला लांबडी म्हणत. रक्त जमा करायचे बाईंच्या जावेच्या इस्पितळात. जाऊच ते काढी. तिथेच ते यंत्रात फिरवून वरचे पिवळसर पाणी छोट्या नळ्यांत भरले जाई आणि थंड डब्यातून आमच्याकडे येई.

लांबडीने मला खळग्यांत बसवले. पहिल्या ओळीत शुद्ध निरोप्या घातला होता. तिथे मी झटकन धरले आणि निळा रंग आला. पुढच्या सगळ्या ओळी त्या वृद्ध बायकांच्या. एकही खळगा निळा झाला नाही. पाण्यासारखे स्वच्छ. लांबडीने पुन्हा केले. पुन्हा तेच. मग तिने चकचकीत डबीतल्या माझ्या शेजारणीला बसवून पाहिले. शेजारणीने सगळ्या ओळी निळ्या करून दाखवल्या.

कोड्याचे उत्तर मला ठाऊक होते. समोर निरोपे होते, ढीगभर होते, पण सगळ्यांच्या मुठी उघड्या. त्यांच्या हातातले कॅल्शियम कोणीतरी काढून घेतले होते. काही मुठी रिकाम्या असतील, पण एकूणएक रिकाम्या, असे माणसाच्या अंगात होत नाही. अंगाबाहेर आल्यावरच काहीतरी झाले होते. मला हे समजत होते आणि तोंड नव्हते. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी मला तोंड हवेसे वाटले.

संस्थेचे साहेब आले. साहेब काही वाईट नव्हते. हिशेबी, सरळ माणूस. त्यांनी दोन्ही प्लेटा उजेडात धरून पाहिल्या आणि खुर्ची ओढून बाईंसमोर बसले. त्यांचे म्हणणे असे, की साऱ्याच बायकांचे सारेच निरोपे रिकाम्या हाताचे असणे शक्य नाही; शुद्ध पाण्यात ही ओळखते, पण रक्तात ओळखत नाही. नवी मात्र ओळखते. तेव्हा जुनी टाकून द्यावी हे तर झालेच. पण त्याहून अवघड गोष्ट पुढे होती आणि ती बोलताना त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

“बाई, हिला रक्तात आज दिसत नाही. मग इतकी वर्षं दिसत होतं ते कशावरून? तुमचं सगळं काम हिच्या भरवशावर आहे.”

पूर्वी तपासलेल्या माणसांचे रक्त आता राहिले नव्हते. ते केव्हाच वापरून संपले होते. पुन्हा मोजून दाखवायला हाती काही नव्हते. मी खोटी ठरले तर बाईंनी आयुष्यभर जे सांगितले ते खोटे ठरणार होते. त्यांना ते मागे घ्यावे लागणार होते. निवृत्तीच्या दारात, सगळ्यांसमोर.

लांबडीचे डोळे भरून आले. ती माझी बाजू घेऊन काहीतरी बोलू लागली. बाईंनी हाताने तिला थांबवले. त्या माझी बाजू घेतील असे मलाही वाटले होते. पण त्या म्हणाल्या, “ती खोटी असेल तर मी खोटी. तसं मी स्वतः जाहीर करीन. पण का खोटी, ते मला आधी कळू दे.”

मित्रांनो, मी पुष्कळ हुशार माणसे पाहिली. आपल्या आवडीच्या गोष्टीविरुद्ध इतक्या शांतपणे उभे राहणारे माणूस मात्र मी एकच पाहिले. त्या क्षणी मला माझ्या फेकले जाण्याचे काही वाटले नाही. वाटले ते एवढेच, की या बाईने माझ्यामुळे मान खाली घालू नये.

साहेबांनी आठवडाअखेरपर्यंत वेळ दिला. बाईंनी एकेक गोष्ट तपासली. पाणी तपासले, कपाटाचे तापमान तपासले, माझी आणखी एक नळी फोडली. मी प्रत्येक वेळी शुद्ध निरोप्याला धरले आणि वृद्ध बायकांच्या रक्तासमोर तशीच बसून राहिले. शेवटच्या दिवशी लांबडीने टाकून द्यायच्या वस्तूंची पिवळी पिशवी आणून टेबलाच्या कडेला अडकवली. तिला ती अडकवताना दोनदा गाठ मारावी लागली. माझी डबी बर्फाच्या बादलीत टेबलावरच होती.

तेवढ्यात जाऊ नव्या नळ्यांचा डबा घेऊन आली. दारातूनच म्हणाली, “ताई, चेहरा असा का? साखर संपली का तुमच्या कार्यालयातली?”

बाईंनी तिला बसवले आणि झाले ते सांगितले. जाऊ ऐकत होती. तिला वाईट वाटले. पण तिचा स्वभाव असा, की गप्प बसले तर समोरचा रडेल या भीतीने ती बोलतच राही. तिने इस्पितळातल्या म्हाताऱ्यांच्या गमती सुरू केल्या. एक आजी सुई पाहिली की देवाला न बोलावता थेट जावयाला शिव्या देत. दुसरी म्हणे, माझ्या अंगात रक्त नाही, जे होते ते नातवंडांनी नेले. “आणि खरंच हो ताई, शिरा म्हणजे शिवणाचा दोरा. एक नळी भरता भरता धार तुटते. दुसरीसाठी परत टोचावं लागतं. मला ते बघवेना. म्हणून मी एकाच नळीत दोघांचं भागवते. त्यांच्या तपासणीला घेतलेलं रक्त उरतंच, त्यातलंच तुम्हाला देते. एकीलाही दुसऱ्यांदा टोचलं नाही हं मी.”

बाईंचा हात बादलीतल्या बर्फात होता. तो तिथेच राहिला.

“कुठल्या टोपणाच्या नळीतलं?”

“जांभळ्या.”

रक्त घ्यायच्या नळ्यांची टोपणे वेगवेगळ्या रंगांची असतात, मित्रांनो. लाल टोपणाच्या नळीत रक्त आपोआप गोठते आणि वरचे पाणी जसेच्या तसे मिळते. आम्हाला ते हवे असते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून आतून एक मीठ लावलेले असते. ते मीठ रक्तातले कॅल्शियम ओढून घेते. दोन्हींतून मिळणारे पाणी दिसायला अगदी सारखे, पिवळसर. आणि आमच्याकडे यायचे ते पाणी. टोपण तिकडेच राहायचे.

बाई हळूच म्हणाल्या, “अगं, हिला मणी सोडायला लावलं होतं ना मी, ते याच मिठाने.”

जावेला काही उमगले नाही. लांबडीलाही नाही. बाईंना मात्र इतक्या वर्षांपलीकडची ती काचेची उभी नळी दिसत होती, आणि आम्लाची बाटली घेऊन उभे असलेले सर. त्यांनी मला ज्या गुणासाठी निवडले, तोच गुण आज माझा दोष म्हणून समोर आला होता. त्यांनी बर्फातून हात काढला. तो लालभडक झाला होता.

“खडा काढून घेतला की ओळखत नाही. तिला मी तशीच निवडली होती. ती बरोबरच सांगत होती गं.”

मग त्यांनी लांबडीला सारे समजावले, आणि ऐकता ऐकता जावेचा चेहरा उतरला. ती म्हणाली, म्हणजे या पोरीचे सगळे काम मी नासवले. बाई म्हणाल्या, “नासवलं नाहीस. पाणी पातळ करून कॅल्शियम परत घातलं की मुठी पुन्हा आवळतील. आणि एवढ्या बायकांना दुसऱ्यांदा टोचलं नाहीस, ते कशात मोजायचं मला अजून कळलेलं नाही.”

पण साहेबांना नुसते सांगून चालणार नव्हते, दाखवायला हवे होते. एकाच माणसाचे रक्त, एकाच वेळी, दोन्ही नळ्यांत हवे होते. म्हाताऱ्या माणसाचे. असे कोण दोन नळ्या भरून देणार?

पुढचे मला लांबडीने सांगितले, म्हणजे ती मला बसवता बसवता मैत्रिणीला सांगत होती ते मी ऐकले. सासूबाई मागच्या वर्षी पडल्या होत्या आणि आता वॉकरच्या आधाराने चालत. दोघी सुना त्यांच्या पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कोणी बोलायचे याची ढकलाढकल करू लागल्या. सासूबाईंनी ऐकून घेतले आणि बाही वर सारली.

“घ्या. दोघींनी जन्मभर माझं रक्त प्यायलं, आता तिसरीलाही पाजा.”

जावेने त्यांचा हात कोमट पाण्याच्या पिशवीने शेकला. शीर नाहीच सापडली, तेव्हा दुसरा हात शेकला. लाल नळी भरली. जांभळी भरता भरता धार तुटली. सासूबाईंनी स्वतःच मूठ उघडझाप करायला सुरुवात केली आणि जावेला म्हणाल्या, घाबरू नकोस, टोच अजून एकदा. आमच्या अंगाला तुमच्या टोचून बोलण्याची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब टेबलाशी उभे राहिले. बाईंनी पिपेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची नळी, स्वतःच्या हातात घेतली. हातात म्हातारपणाचा थोडा कंप होता, पण पिपेट हातात आली की तो कुठे जाई कोणास ठाऊक. पहिल्या ओळीत लाल टोपणाचे पाणी. दुसऱ्या ओळीत जांभळ्याचे. तिसऱ्या ओळीत जांभळ्याचेच, पण पातळ करून, वर कॅल्शियम घातलेले.

मी तिन्ही ओळींत होते. पहिल्या ओळीत सासूबाईंचे निरोपे मूठ आवळून आले. थोडेच होते, म्हातारे, पण ऐटीत. मी त्यांना धरले. दुसऱ्या ओळीत तेच निरोपे रिकाम्या हातांनी आले आणि मला ओलांडून गेले. तिसऱ्या ओळीत ते चाचपडत होते. मग कॅल्शियम त्यांच्या हाताला लागले, आणि एकेक मूठ आवळू लागली. एकेक चेहरा माझ्या ओळखीचा होऊ लागला. गर्दीत हरवलेली माणसे घरी परतावीत तसे.

पहिली ओळ निळी झाली. दुसरी पाण्यासारखी राहिली. तिसरीकडे सगळे वाकून बघत होते. तिथे आधी काहीच नव्हते, मग निळ्याची नुसती शंका, आणि मग निळे.

साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, “अँटीबॉडीला जाब विचारत बसलो. नळीला विचारायचं राहिलं.” आणि जाता जाता टेबलाच्या कडेची पिवळी पिशवी सोडून आपल्याबरोबर घेऊन गेले.

घरी सासूबाईंनी विचारले म्हणे, काय म्हणतात माझी हाडे? बाई म्हणाल्या, बोलतायत अजून. “मग ऐकत जा जरा. मी बोलते तेव्हा तर दोघींना ऐकू येत नाही.”

मित्रांनो, आता माझ्या थोड्याच नळ्या उरल्या आहेत. तुमच्यापैकी कोणी पुढे प्रयोगशाळेत काम करील, तर आमच्यासारख्यांना बर्फात ठेवा, हळू हाताळा, एकदा वितळवले की पुन्हा गोठवू नका. पण प्रयोगशाळेत न जाणाऱ्यांसाठीही माझे एक मागणे आहे. तुमच्या घरात कोणी जुने माणूस असेल आणि एखादे दिवशी ते म्हणेल, हे मला ओळखू येत नाही. तेव्हा त्याची नजर गेली, डोके गेले, असे लगेच म्हणू नका. आपण त्याच्यासमोर काय ठेवले आहे, आणि ठेवण्याआधी त्यातून काय काढून घेतले आहे, ते एकदा बघा.

एवढे सांगून थांबणार होते, पण एक गोष्ट राहिली.

बाई निवृत्त झाल्या. लांबडी आता त्यांच्या खुर्चीवर बसते. तिनेही एक काम हाती घेतले आहे, म्हाताऱ्या पण धडधाकट बायकांच्या हाडांचे. परवा तिने माझी नळी काढली, तळहातावर धरून वितळवली आणि खळग्यांत बसवली. मग थंड डब्यातून पहिली नळी उचलताना ती जरा थांबली. मदतनिसाला म्हणाली, “बाईंचं आहे. म्हणाल्या, मला आधी घे. आणि लाल टोपणाचंच आहे, बघून घेतलंय मी.”

किती वर्षे त्या मुलीने, आमच्या बाईंनी, मला सांभाळले होते. बर्फात ठेवले, थर्मासातून धावत नेले, माझ्यासाठी मान खाली घालायची तयारी ठेवली. पण मधे नेहमी काच होती, हातमोजे होते. आमची प्रत्यक्ष गाठ कधी पडली नव्हती. वरून तो पिवळसर थेंब आला आणि तिच्या हाडांचे निरोपे माझ्यासमोर उभे राहिले, मुठी घट्ट आवळून. हाडांची पूड भुवयांवर घेऊन बसलेली ती मुलगी मला आठवली. लांबडी आम्लाचा थेंब घेऊन येईपर्यंत थोडा वेळ होता. मी हात पुढे केला आणि त्यांना धरले. पहिल्यांदा तिनेच मला अलगद सोडवले होते. या वेळी कोणी सोड म्हटले नाही.